एक सूत जास्त

भिलईच्या मराठी मंडळींत दयारामजी लांजेवारांची ओळख करून देताना लोक दोन गोष्टी सांगत. पहिली, त्यांनी लेथवर घडवलेला रोलर कधी तक्रार घेऊन परत आला नाही. दुसरी, एडी मोरलंड नावाचा विलायती गिटारवाला मोठा आहे हे त्यांना बिलकूल मान्य नाही. पहिली गोष्ट ऐकून लोक मान डोलावत आणि दुसरी ऐकून विचारत, हा मोरलंड कोण बुवा? मग सांगणाऱ्याला सगळं रामायण सांगावं लागे. तेच इथे सांगायचं आहे, आणि सावकाश सांगायचं आहे, कारण यातली सगळी भानगड घाईमुळे झाली.

आधी रोलरचं. भिलईच्या पोलाद कारखान्यात, मिलमध्ये, लालभडक लोखंड ज्याच्यावरून धावतं तो प्रत्येक तुकडा झिजतो. आज बसवला की आजपासूनच झिजायला लागतो. म्हणून मशीन शॉपमधल्या जुन्या उस्तादाने दयारामजींना पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की नमुन्यात जे माप दिसेल त्यापेक्षा एक सूत जास्त ठेवायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. झिजत झिजत माल मापावर येतो आणि दुसऱ्याच्या मालापेक्षा जास्त दिवस चालतो. या शिकवणीची दयारामजींच्या हाताला अशी सवय लागली की घरच्या दाराचा अडसर केला तरी तो एक सूत जास्त. रुक्मा, म्हणजे त्यांची बायको, दर पावसाळ्यात त्या अडसराशी झटापट करी आणि कारखान्याच्या नावाने बोटं मोडी.

दयारामजी मूळचे भंडारा जिल्ह्यातले, वैनगंगेच्या काठच्या एका धानाच्या गावचे. वडील शेती करत आणि दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत दंडारीच्या खेळात गात. त्यांनी एक सूर धरला की समोर बसलेल्या बायकांचा मुरमुऱ्याचा घास हातातच राही. पोराला शेती आली नाही आणि गाणंही आलं नाही, आलं ते लोखंड. आयटीआय करून ते भिलईला टर्नर म्हणून लागले आणि सुरुवातीला हॉस्टेलमध्ये राहिले. तिथे शेजारच्या खोलीत एक बंगाली फिटर होता. त्याच्याकडे हवाईयन गिटार होती. ती आडवी मांडीवर ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. एका सुट्टीच्या दिवशी त्याने ती दयारामजींच्या मांडीवर ठेवली. त्यांनी कांडी सरकवली आणि तारेतून थेट वडिलांचा दंडारीतला लांब सूर निघाला. दयारामजींच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे मरोद्याच्या कामगार वसाहतीत क्वार्टर मिळालं, तुमसरची रुक्मा घरी आली, दोन मुली झाल्या, त्यांची लग्नंही झाली, पण गिटार मांडीवरून काही उतरली नाही.

वाजवत मात्र ते सावकाश. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जायचं तर बैलगाडीने जात. त्यांना तेच आवडे आणि मराठी मंडळाच्या ऑर्केस्ट्रात बरीच वर्षं लोकांनाही तेच आवडत होतं.

त्या ऑर्केस्ट्रामुळेच त्यांची गाठ अरुणकुमार पांढरीपांडेंशी पडली. पांढरीपांडे नागपूरच्या महालातले, कारखान्याच्या हिशेब खात्यात अधिकारी, सेक्टर दहामध्ये बंगलीवजा क्वार्टर. घरात ते आणि वसुंधरावहिनी, दोघंच. मंडळाचे सांस्कृतिक सचिव होते. स्वतः ते शिट्टीसुद्धा वाजवत नसत, पण ऐकण्याचं त्यांना वेड होतं, आणि ऐकलेल्या गोष्टीवर बोलण्याचं त्याहून जास्त. ऑफिसात त्यांच्याशी लोक फक्त हिशेबाचं बोलत. त्यामुळे बाकीचं बोलणं आठवडाभर त्यांच्या पोटात साचून राही.

आणीबाणी उठली त्या सुमारास पांढरीपांडे साहेब कामासाठी कलकत्त्याला गेले आणि येताना जुन्या बाजारातून एक रेकॉर्ड प्लेअर आणि एक मोठी रेकॉर्ड घेऊन आले. रेकॉर्डच्या वेष्टनावर डोळे मिटून गिटार वाजवणारा एक दाढीवाला गोरा होता. तोच एडी मोरलंड. वाचनालयात येणाऱ्या एका इंग्रजी मासिकात साहेबांनी वाचलं होतं की सगळ्या जगात त्याच्या तोडीचा गिटारवाला नाही. पण प्लेअर काही चालेना. त्याच्या मोटरच्या दांड्यावर बोटाएवढी एक पुली असते, तिच्यावरून रबरी पट्टा जातो आणि तबकडी फिरते. त्या पुलीला दोन पायऱ्या होत्या, एक लहान रेकॉर्डसाठी आणि एक मोठ्या रेकॉर्डसाठी. लहानीची पायरी शाबूत होती आणि मोठीची फुटून गेली होती. साहेबांनी ऑर्केस्ट्रातल्या टर्नरला विचारलं. दयारामजींनी तुकडे जुळवून माप घेतलं, सुपेल्याच्या बाजारात ओळखीच्या खरादाच्या, म्हणजे लेथच्या, दुकानात जाऊन पितळेची चकचकीत पुली घडवली आणि रविवारी सकाळी सायकलवरून सेक्टर दहाला जाऊन बसवून दिली.

तो मोरलंडचा पहिला रविवार. रेकॉर्ड लागली आणि खोलीत सुरांची एकच पळापळ सुरू झाली. गोऱ्याची बोटं तारांवरून अशी धावत होती की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. मध्येच तो गायला लागला, तेव्हा चहा घेऊन आलेल्या वसुंधरावहिनींनी हा बाप्या आहे की बाई, असं विचारलं. साहेबांनी सांगितलं की थंड देशात गळे असेच बारीक होतात. ते खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते आणि त्यांचा चेहरा दिवाळीच्या पणतीसारखा उजळला होता. रेकॉर्ड संपल्यावर त्यांनी दयारामजींना मत विचारलं. दुसरा कोणी असता तर साहेबाच्या घरचा चहा पिऊन साहेबाच्या होला हो म्हणाला असता. दयारामजी म्हणाले, "हा नुसता धावून राहिला साहेब. याले कोनती गाडी पकडाची हाय?"

झालं. त्या दिवशी जो वाद सुरू झाला तो दहा वर्षं चालला. दर रविवारी दयारामजी मरोद्याहून सायकल मारत येत, वहिनी पोहे करत, साहेब आपली ती एकुलती एक मोठी रेकॉर्ड लावत आणि मोरलंडला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जाई. साहेब म्हणत, एका दमात इतके सूर घेणारा हात तुम्ही पाहिलाय का? दयारामजी म्हणत, इतके सूर घेतले पण एकाजवळ तरी तो बसला का? साहेब म्हणत, सारं जग त्याला डोक्यावर घेतं. दयारामजी म्हणत, जगाने माझ्या बापाची दंडार कुठे ऐकली? एकदा साहेबांनी समजावून सांगितलं की हे मूळ अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांचं गाणं, त्यांच्या दुःखातून निघालेलं, आणि मोरलंडने ते दुःख आपल्या बोटांत घेतलं आहे. दयारामजी पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाले, "दुःख असं धावत नसते साहेब. दुःख बसून रायते."

साहेबांनी रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली, पण हार काही मानली नाही. फाटकापर्यंत सोडायला येऊन ते दर वेळी एकच वाक्य म्हणत, "ऐकत राहा लांजेवार. एक दिवस कळेल." दयारामजी हसून सायकलवर टांग टाकत. लांजेवार म्हणजे तो मोरलंडला न मानणारा, ही ख्याती हळूहळू सेक्टरा-सेक्टरांत पसरली. भाजीबाजारात लोक त्यांना थांबवून विचारू लागले, काय म्हणतो तुमचा मोरलंड?

सगळं गमतीत चाललं होतं, पण त्यात एक काटा होता. मोरलंड घरात आल्यापासून साहेबांचा कान त्या वेगाला सरावला होता. ऑर्केस्ट्राच्या तालमीत ते दयारामजींना म्हणू लागले, जरा चाल वाढवा लांजेवार, लोक झोपतील. अगदी मायेने म्हणत, पण म्हणत. मग उडत्या चालीची गाणी दुसऱ्या एका गिटारवाल्याकडे गेली आणि मग बाकीचीही गेली. दयारामजींची खुर्ची पहिल्या रांगेतून मागे सरकली. त्यांनी तक्रार केली नाही. त्यांना साहेबांचा राग आला नाही, मोरलंडचा आला. माझी खुर्ची या पळपुट्याने घेतली असं त्यांना मनातून वाटे, आणि रविवारी ते त्याला जास्तच झोडपत. पण घरी गिटार मांडीवर घेतली की कधीकधी शंका येई की साहेबच खरे असतील. आपण खरंच मंद असू. हे त्यांनी रुक्मालासुद्धा सांगितलं नव्हतं.

असं करता करता सत्याऐंशी साल उजाडलं. मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी वादविवाद होत असे आणि विषय ठरलेले असत, विज्ञान शाप की वरदान, नाहीतर शहर बरं की खेडं. लोक पेंगत. त्या वर्षी मंडळाच्या अध्यक्ष सिंधुताईंनी टूम काढली की बाहेरचा विषय कशाला, आपल्याच घरचा चालता-बोलता वाद स्टेजवर आणू. मोरलंड आपल्या कीर्तीला पात्र आहे काय? बाजूने पांढरीपांडे, विरुद्ध लांजेवार. जो जिंकेल त्याला गणपतीपुढचा मानाचा नारळ. सगळ्यांनी टाळ्या वाजवून विषय मंजूर केला.

दयारामजींनी मात्र ही गोष्ट फार मनावर घेतली. चारशे लोकांसमोर एकदा सिद्ध करायचं की थांबून वाजवणं म्हणजे मंदपणा नव्हे. त्यासाठी शत्रू नीट ऐकायला हवा होता, आणि तो तर साहेबांच्या घरीच ऐकायला मिळे. म्हणून त्यांनी रुक्माच्या भावाला, हिरालालला, निरोप दिला. हिरालाल रेल्वेत गार्ड होता. त्याने कलकत्त्याच्या एका दोस्ताकडून त्याच रेकॉर्डची कंपनीने काढलेली कॅसेट मिळवली आणि गणपती बसायच्या आदल्या आठवड्यात मरोद्याला आणून दिली. दुपारच्या जेवणानंतर दयारामजींनी टू-इन-वन ओट्यावर ठेवला आणि कॅसेट लावली.

गिटार सुरू झाली आणि दयारामजींनी कपाळावर हात मारला. चाल पार ढेपाळलेली होती. ते रुक्माला म्हणाले की सेल उतरले वाटते. रुक्माने कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे सेल आणले. तरी तेच. मग त्यांनी सेल काढून वायर लावली. तरी तेच. हिरालाल मेहुण्याला म्हणाला, भाटवे, लाइनच कमी असेल, इकडे व्होल्टेजची बोंबच असते. रुक्माने पंख्याकडे पाहिलं. पंखा तर भरधाव फिरत होता.

तेवढ्यात गोरा गायला लागला, आणि आवाज निघाला भरदार, खर्जातला, चांगल्या दणकट बाप्याचा.

दयारामजींनी कॅसेट बंद केली नाही. मोरलंड एका सुरावर आला आणि थांबला. तिथे तो बसला. सूर हळूच वाकवला, सोडला, पुन्हा धरला. रविवारी याच जागी तो सुसाट निघून जात असे. दयारामजींच्या अंगावर काटा आला. वैनगंगेकाठची मंडई, पेट्रोमॅक्सच्या उजेडात कानावर हात ठेवून उभे असलेले वडील, सगळं त्या एका सुरात होतं. कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग त्यांनी गिटार आणली, साहेबांच्या घरी ऐकून जुळवलेला तुकडा जिथे वाजायचा तिथे कांडी ठेवली आणि कॅसेटशी ताडून पाहिलं. कॅसेटचा सूर बराच खाली होता. सेल नवे, लाइन ठीक, गळाही बाप्याचा, म्हणजे हे यंत्र कमी फिरत नव्हतं. साहेबांचं यंत्र जास्त फिरत होतं, आणि पहिल्या दिवसापासून फिरत होतं.

पितळेची पुली त्यांच्या डोळ्यांपुढे आली. मोठ्या रेकॉर्डची पायरी. तुकडे जुळवून माप घेतलं होतं, ते बरोबर होतं. आणि मग हात आपल्या सवयीने थांबला होता, एक सूत आधी. झिजून बरोबर येईल म्हणून. रबराच्या पट्ट्याने पितळ कुठे झिजतं? बोटाएवढ्या पुलीवर एक सूत म्हणजे केवढं, हे मिलच्या रोलरला सरावलेल्या हाताला सुचलंच नव्हतं. पुली जाड म्हणून तबकडी जलद, आणि तबकडी जलद म्हणून मोरलंड पळपुटा. ज्याने त्यांची खुर्ची घेतली त्याला त्यांनीच घडवलं होतं.

हे सगळं त्यांनी रुक्माला सांगितलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली आणि अडसराचा जुना हिशेब चुकता केला. मग नवऱ्याचा चेहरा पाहून ती शेजारी येऊन बसली. दयारामजींना एकाच वेळी दोन गोष्टी वाटत होत्या. मोरलंड आपल्याच जातकुळीचा निघाला याचा त्यांना लहान पोरासारखा आनंद झाला होता. आणि भीती वाटत होती. साहेबांनी दहा वर्षं ज्या वेगाला देव मानलं तो वेग मुळात नव्हताच. हे कळल्यावर माणूस पुन्हा तोंड पाहील का? आपल्या सगळ्या आठवड्यात तो एक रविवार आहे, तो गेला तर उरलं काय? रुक्मा म्हणाली, सांगून मोकळे व्हा. दयारामजी म्हणाले, "सांगाचं तं हायेच. पन चारशे लोकाईच्या समोर कसं सांगू? लोक साहेबाले हसतीन."

वादविवादाच्या दिवशी आरतीनंतर मांडव गच्च भरला. साहेब आधी बोलले आणि उत्तम बोलले. मासिकातले दाखले दिले, शेतमजुरांचं दुःख सांगितलं, बोटांच्या वेगाचं असं वर्णन केलं की गिटार कधी न पाहिलेल्या बायकाही सरसावून बसल्या. मग दयारामजींचं नाव पुकारलं गेलं. विरुद्ध बोलायचं तर ते आता खोटं झालं असतं, आणि खरं बोलावं तर साहेबांचं हसं झालं असतं. त्यांनी गिटार आणली होती. ते म्हणाले, मला भाषण जमत नाही, मी साहेबांच्या मोरलंडचाच एक तुकडा वाजवतो. त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आज साहेबांना मोरलंड जसा आहे तसा ऐकवायचा, मग पुढचं पुढे.

त्यांनी कॅसेटवर ऐकलं होतं तसंच वाजवलं. जिथे मोरलंड थांबला तिथे थांबले, जिथे त्याने सूर वाकवला तिथे कांडी हलकेच सरकवली. मांडवात आधी कुजबुज होती, मग ती विरली. प्रसादाची परात घेऊन निघालेली एक बाई मध्येच उभी राहिली आणि संपेपर्यंत तशीच उभी होती. दयारामजींनी डोळे उघडले तेव्हा टाळ्या पडत होत्या आणि साहेब स्टेजवर येत होते. साहेबांचे डोळे ओले होते. त्यांनी माइक हातात घेतला.

"मी हरलो," ते म्हणाले. "हाच तुकडा मी दहा वर्षं ऐकून राहिलो, पण आज पहिल्यांदा ऐकला. मोरलंडला असं वाजवता आलं नाही. आमचा लांजेवार त्याच्यापेक्षा मोठा आहे आणि मी त्याला मागच्या खुर्चीवर बसवलं."

सिंधुताईंनी मानाचा नारळ दयारामजींच्या हातात ठेवला. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. हेच शब्द या माणसाच्या तोंडून ऐकायला ते किती वर्षं आतुरले होते. पुलीची गोष्ट त्यांनी काढलीच नाही. लोकांनी खांद्यावर हात टाकले, पाया पडले, आणि ते एका हाताने नारळ छातीशी धरून, दुसऱ्याने सायकल ढकलत चालत घरी आले.

सकाळपर्यंत तो आनंद आंबला. रुक्मा चटणीसाठी नारळ फोडायला निघाली तर त्यांनी हातातून काढून घेतला. ज्याचं वाजवलं त्याला दहा वर्षं शिव्या दिल्या आणि त्याच्याच सुरावर नारळ जिंकला, हे काही त्यांच्या गळ्याखाली उतरेना. साहेबांनी मोरलंडला दयारामजींपेक्षा लहान ठरवलं होतं, आणि तेही दयारामजींनीच घडवलेल्या पुलीमुळे. दोन दिवस नारळ देवाच्या फळीवर तसाच राहिला. शेवटी रुक्माने कमरेवर हात ठेवून सांगितलं, "नारय कोनाचा हाय ते आधी ठरवा. मंग मी फोडतो."

दयारामजी उठले आणि सुपेल्याच्या खरादावर गेले. नवी पुली घडवताना त्यांचा हात पुन्हा एक सूत आधी थांबला. त्यांनी हाताला पुढे नेलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत नमुन्याच्या मापावर माल आणणं त्यांना कधी इतकं अवघड गेलं नव्हतं.

रविवारी साहेबांनी फाटकातच मिठी मारली. पोहे तयार होते. दयारामजी पोह्यांना शिवले नाहीत. त्यांनी नारळ टेबलावर ठेवला, प्लेअर उघडला, जुनी पुली काढली, नवी बसवली आणि काही न बोलता रेकॉर्ड लावली. मोरलंड सावकाश आला आणि सुरावर बसला. मग तो गायला लागला, तेव्हा वसुंधरावहिनी झारा हातात घेऊन बाहेर आल्या आणि विचारलं, हा कोण नवीन?

"हाच मोरलंड हाय वहिनी," दयारामजी म्हणाले. मग त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं, उस्ताद, रोलर, एक सूत, कॅसेट, सेल, सगळं. बोलताना त्यांची मान खाली होती. बोलून झाल्यावरही ती वर आली नाही.

साहेबांनी रेकॉर्डवरची सुई उचलून ठेवली. मग त्यांनी जुनी पुली उचलली आणि बोटांत फिरवली. चेहरा उतरला होता, यात शंका नाही. "म्हणजे ज्याच्यावर मी एवढा जीव टाकला तो कुठे नव्हताच," ते म्हणाले.

"नव्हता साहेब. तो माया हातानं झालता."

साहेबांनी पुली पुन्हा फिरवली. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. आधी खांदे हलले, मग पोट, आणि मग ते वहिनींना हाक मारून हसत सुटले. म्हणाले, "ऐकलंत का, इतकी वर्षं मी विलायतेच्या देवाची पूजा करून राहिलो होतो आणि तो मरोद्याचा निघाला." दयारामजींना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं. वहिनींनी नारळ उचलला आणि दोघांपैकी कोणाला न विचारता पायरीवर आपटून फोडला.

खोबरं खाताना साहेबांनी रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली. या वेळी ते खुर्चीला टेकून बसले. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळावर आठी पडली. बाजू संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि स्पष्टच सांगितलं की परवा लांजेवारांनी वाजवलं ते वेगळं, त्यात जीव होता. पण हा मूळ माणूस त्यांना काही विशेष वाटला नाही. इतकी कीर्ती कशाची? साधाच आहे. एका सुरावर किती वेळ बसायचं त्याला काही सुमार?

दयारामजींनी खोबऱ्याचा तुकडा खाली ठेवला. साधा? त्यांच्या कानशिलाची शीर उडाली. त्यांनी साहेबांना सांगितलं की एका सुरावर बसायला छाती लागते. साहेब म्हणाले, जुन्या पुलीवर निदान मजा तरी यायची. दयारामजी म्हणाले, जगात त्याला उगाच देव म्हणत नाहीत. साहेब म्हणाले, जगाचं काय सांगता, जगाने तुम्हाला ऐकलं नाही. आवाज इतके चढले की शेजारचे अय्यर कुंपणाशी येऊन पाहून गेले. पोहे गार झाले, वहिनींनी पुन्हा गरम केले, ते पुन्हा गार झाले.

दुपार होत आली तेव्हा साहेब फाटकापर्यंत सोडायला आले. जुनी पुली त्यांच्या मुठीतच होती, ती ते परत द्यायला तयार नव्हते. दयारामजींनी सायकलवर टांग टाकली. गळा बसला होता आणि मन असं भरलं होतं की पायडल मारवेना. जाता जाता ते वळले.

"ऐकत राहा साहेब," ते म्हणाले. "एक दिवस कळंल."

साहेबांनी फाटकाची कडी लावली. मग त्यांनी ती पुन्हा काढली आणि रस्त्यावर येऊन विचारलं, पुढच्या रविवारी जरा लवकरच येता का?